दातांच्या ओपीजीत हाडांचा ठिसूळपणा दिसतो का? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे, सगळे दात आणि कानापुढचे सांधे एकाच चित्रात दाखवणारा दातांचा मोठा एक्स-रे. दातांसाठी काढलेल्या या चित्रावरून ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचा संशय घेता येतो. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक प्रश्न डेंटिस्ट वाचकाचा आहे. त्याचं उत्तर थोडं तांत्रिक आणि लांब झालं आहे, पण ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पडलाय त्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : माझं वय ५८. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. अक्कलदाढेसाठी ओपीजी काढला तेव्हा डेंटिस्ट म्हणाले, "जबड्याची खालची कड पातळ वाटते, एकदा डेक्सा करून घ्या." मला ना कंबरदुखी, ना कधी हाड मोडलं. दातांच्या फोटोवरून हाडांचं कसं कळतं? मला ऑस्टिओपोरोसिस झालाय असं समजायचं का?

उत्तर : तसं समजू नका, पण डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, मात्र टाळू नका. 

खालच्या जबड्याचा खालचा काठ टणक, भरीव हाडाचा असतो. ओपीजीत तो हनुवटीपासून कानाच्या दिशेने जाणाऱ्या पांढऱ्या पट्टीसारखा दिसतो. निरोगी माणसात ही पट्टी चांगली जाड असते आणि तिची आतली, म्हणजे दातांकडची बाजू सलग आणि स्पष्ट दिसते. पाळी बंद झाली की इस्ट्रोजेन घटतं. हाड विरघळवणाऱ्या पेशींवर त्याचा जो वचक असतो तो सुटतो आणि हाड नव्याने भरण्यापेक्षा झिजण्याचा वेग वाढतो. टणक हाडाची ही झीज प्रामुख्याने आतल्या बाजूने होते. बाहेरची रेषा जागच्या जागी राहते, आतली बाजू खात खात पुढे सरकते आणि पट्टी बारीक होत जाते.

डेंटिस्ट त्यात दोन गोष्टी बघतात. पहिली जाडी, दुसरी आतल्या काठाचं रूप. रूपासाठी १९९४ मध्ये क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली तीन पायऱ्यांची विभागणी आजही वापरतात. आतला काठ दोन्ही बाजूंना गुळगुळीत आणि तीक्ष्ण असेल तर सी-१. काठाला अर्धचंद्राकृती खाचा पडल्या असतील, किंवा एक ते तीन पापुद्रे सुटल्यासारखे दिसत असतील तर सी-२. पट्टीभर पापुद्रेच पापुद्रे आणि हाड उघड उघड सच्छिद्र दिसत असेल तर सी-३. सी-३ दिसलं तर संशय जोरदार असतो. सी-२ मध्ये खूप बायका मोडतात, म्हणून एकट्या सी-२ वरून फारसं काही ठरत नाही.

दातांच्या मुळांभोवतीचं हाड सोडून थेट तळाचा काठच का बघायचा, असं वाटेल. मुळांभोवतीचं हाड पायरियाने झिजतं, दात काढल्यावर खचतं, कवळीच्या दाबानेही कमी होतं. त्यावरून अंगभरच्या हाडांबद्दल बोलणं धोक्याचं. तळाचा काठ या स्थानिक भानगडींपासून बराचसा दूर असतो.

दुखत नाही, याने निश्चिंत होऊ नका. हाड मोडेपर्यंत ऑस्टिओपोरोसिस दुखत नाही. निदान होतं ते डेक्सावर, म्हणजे कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या घनतेच्या तपासणीवर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाड सर्वसाधारण, उणे १ ते उणे २.५ च्या मधे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. 

आणखी एक. काठ पातळ होण्याचं कारण दर वेळी पाळी जाणं हेच नसतं. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल, तरीही जबड्यावर असाच परिणाम दिसतो. पॅराथायरॉइडच्या आजारात काठाबरोबर दातांच्या मुळांभोवतीची बारीक पांढरी रेषाही पुसट होते, तेवढं डेंटिस्टना मुद्दाम बघायला सांगा. डेक्सात घनता कमी आली तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व यांच्या रक्ततपासण्या होतात. गरजेप्रमाणे पॅराथायरॉइड आणि थायरॉइडच्याही होतात. कारण सापडलं तर औषध बदलतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

प्रश्न : मी डेंटिस्ट आहे. ओपीजीवर काठाची जाडी मोजायला लागलो, पण एकाच रुग्णाचे आकडे दर वेळी वेगळे येतात. मोजायची नेमकी पद्धत काय? ३ मिलिमीटर ही मर्यादा धरायची की ४?

उत्तर : आधी जागा पक्की करा. उपदाढांच्या मुळांच्या खाली दिसणारं मेंटल फोरामेन, म्हणजे जबड्यातून नस बाहेर पडते ते छिद्र, शोधा. जबड्याच्या खालच्या कडेला, फोरामेनच्या खालच्या भागात, स्पर्शरेषा ओढा. फोरामेनच्या मध्यातून त्या रेषेवर लंब टाका. हा लंब टणक पट्टीला जिथे छेदतो तिथे, त्याच लंबावर, पट्टीची जाडी मोजा. उजवीकडे आणि डावीकडे दोन्ही मोजून सरासरी घ्या. एकच बाजू स्पष्ट असेल तर तेवढीच घ्या आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा.

आकडे हलतात ते बहुतेक वेळा जागेमुळे. पट्टी हनुवटीकडून मागे जाताना जाड-बारीक होते. फोरामेनऐवजी अंदाजाने दुसऱ्या उपदाढेखाली मोजलं की पुढच्या वेळी दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे झालंच, आणि आकडा बदलला. फोरामेन सगळ्या चित्रांत दिसतं असं नाही. कधी ते आतल्या जाळीदार हाडात हरवतं, कधी मुळाच्या टोकावर पडून तिथल्या गळवासारखं भासतं. दिसत नसेल तर त्या बाजूचं मोजमाप सोडून द्या. ओढूनताणून काढलेल्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

दुसरं कारण रुग्णाची ठेवण. हनुवटी जास्त खाली झुकली की पुढचा काठ चित्राबाहेर कापला जातो किंवा विचित्र वळतो. शिवाय कंठाचं हाड, म्हणजे हायॉइड, जबड्याच्या काठावर चढून येतं आणि पट्टी आहे त्यापेक्षा जाड दिसते. ही चूक सहज होते आणि ती नेमकी उलट्या दिशेची आहे, कारण आजारी हाड निरोगी भासतं. मान आखडून उभा राहिलेला रुग्ण असेल तर मणक्यांची सावली मधोमध पांढरी पडते. डोकं एका बाजूला वळलं तर एक बाजू मोठी आणि दुसरी लहान येते. दोन्हीकडच्या जाडीत मोठा फरक दिसला की आधी दोन्हीकडच्या दाढांची रुंदी ताडून बघा. दाढाही तशाच लहानमोठ्या असतील तर दोष डोक्याच्या ठेवणीचा आहे.

तिसरं, चित्र मोठं येतं. ओपीजी मशीन वस्तू साधारण १.२ ते १.३ पट मोठी करून दाखवतं. तुमच्या मशीनचा आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. १.२५ पट मोठ्या चित्रात पट्टी ३.५ मिलिमीटर आली, तर खरी जाडी ३.५ भागिले १.२५, म्हणजे २.८ मिलिमीटर. मात्र काही सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आधीच करून आकडा दाखवतात. तिथे पुन्हा भागाकार केला तर निरोगी बाईलाही संशयित ठरवाल. व्यास माहीत असलेली धातूची गोळी उपदाढेजवळ ठेवून एक चाचणीचं चित्र काढा आणि पडद्यावर ती किती भरते ते मोजा. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर दुरुस्ती करतंय की नाही हे एकदाच कळेल. ही चाचणी डमीवर करा, माणसावर नको. ज्या अभ्यासातली मर्यादा वापरताय, तिथले आकडे दुरुस्त केलेले होते की कच्चे, तेही बघून घ्या. दुरुस्त मर्यादेला कच्चं मोजमाप लावणं ही चूक अगदी सर्रास होते.

चौथं, चित्रावरचे संस्कार. कडा तीक्ष्ण करणारा फिल्टर लावला की आतला काठ प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसतो आणि सी-२ चं सी-१ होतं. फोनवर पाठवलेल्या फोटोवर तर मोजूच नका. मूळ डिजिटल फाइल उघडा, फिल्टर काढा, चित्र मोठं करा आणि मग मोजा. सी-३ मध्ये पट्टी नेमकी कुठे संपते हेच ठरवणं कठीण असतं. सुटलेले पापुद्रे जाडीत धरले तर आकडा फुगतो. तिथे बाहेरच्या सलग भागाचीच जाडी घ्या. निर्णय मात्र आकड्यापेक्षा रूपावर सोपवा.

आता मर्यादा. युरोपात ऑस्टिओडेंट नावाच्या प्रकल्पात मँचेस्टर, ल्यूव्हन, अथेन्स, माल्मो आणि ॲमस्टरडॅम इथल्या केंद्रांनी मिळून हा विषय तपासला. त्यातून आणि त्याच गटाच्या इतर कामातून जाडी ३ मिलिमीटरखाली असेल तर डेक्सासाठी पाठवावं, हा सल्ला पुढे आला. ३ ची मर्यादा लावली तर निरोगी माणसं उगाच पाठवली जात नाहीत, पण आजारी बऱ्याच निसटतात. ४ लावली तर आजारी जास्त सापडतात आणि निरोगींचा लोंढाही डेक्साकडे जातो. दवाखान्यात दातांसाठी आलेल्या माणसाला दुसऱ्याच तपासणीला पाठवायचं असेल तर आपला शब्द खरा ठरण्याची शक्यता चांगली हवी. म्हणून आमचं मत ३ च्या बाजूने आहे. ३ ते ४ च्या मधल्यांना वय, वजन आणि इतिहास विचारून ठरवा.

हा इतिहास विचारायला दोन मिनिटं पुरतात. आशियाई बायकांसाठी २००१ मध्ये आलेलं ओस्टा हे गणित तोंडी करता येतं. किलोमधल्या वजनातून वय वजा करा आणि ०.२ ने गुणा. वय ६७, वजन ५० किलो असेल तर उणे १७ गुणिले ०.२, म्हणजे उणे ३.४. उत्तर उणे १ च्या वर असेल तर धोका कमी, उणे १ ते उणे ४ मध्यम, उणे ४ च्या खाली जास्त. शेफील्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं फ्रॅक्स त्याहून सविस्तर आहे. ते ४० ते ९० वयोगटासाठी पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढतं आणि त्याला डेक्साचा आकडा असलाच पाहिजे असं नाही. पातळ काठ आणि जास्त धोक्याचं ओस्टा एकत्र आले तर रुग्णाला चिठ्ठी द्या. चिठ्ठीत "ऑस्टिओपोरोसिस" असं निदान लिहू नका. दोन्ही बाजूंची जाडी, दुरुस्ती केली की नाही, सी-वर्ग आणि "हाडांच्या घनतेच्या तपासणीचा विचार व्हावा" एवढं लिहा. ही चिठ्ठी फॅमिली डॉक्टरच्या हातात पडणार आहे. त्यांना यातले सगळे शब्द माहीत असतीलच असं नाही, म्हणून जाडीच्या आकड्याशेजारी "३ मिलिमीटरखाली कमी समजतात" असं वाक्य जोडलंत तर चिठ्ठी फाइलमध्ये पडून राहणार नाही.

प्रश्न : माझ्या ओपीजीत "काठ सर्वसाधारण, सी-१" असं आलंय. म्हणजे हाडं मजबूत आहेत ना? वय ६६.

उत्तर : नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. जबड्याचा काठ टणक हाडाचा असतो. मणक्यात मुख्यतः जाळीदार हाड असतं आणि ते आधी आणि वेगाने झिजतं. मणका पोखरला गेला आणि जबडा शाबूत, असं होऊ शकतं.

गणित मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या वयाच्या २०० बायकांपैकी ४० जणींना ऑस्टिओपोरोसिस आहे, ही चाचणी त्यांतल्या निम्म्याच पकडते आणि निरोगींपैकी दहा टक्क्यांना चुकून संशयित ठरवते, असं धरा. मग २० जणी पकडल्या गेल्या, २० निसटल्या. १६० निरोगींपैकी १६ जणींना उगाच पाठवलं. संशयित ठरलेल्या ३६ जणींत २० खऱ्या, म्हणजे पाठवणं सार्थकी लागलं. पण "सर्व ठीक" ऐकून घरी गेलेल्या १६४ जणींतही २० आजारी आहेतच, म्हणजे साधारण आठात एक. 

हीच चाचणी पन्नाशीतल्या २०० बायकांवर लावा, जिथे समजा दहाच जणी आजारी आहेत. पाच सापडतील आणि निरोगींपैकी १९ संशयित ठरतील. म्हणजे २४ जणींना पाठवलं तर पाच खऱ्या. म्हणून तरुण बाईच्या ओपीजीतला पातळ काठ आणि साठीनंतरचा पातळ काठ यांचं वजन सारखं नसतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ६५ वर्षांनंतर बाईने एकदा डेक्सा करावी असं अमेरिकेतला प्रतिबंधक तपासण्यांचा तज्ज्ञ गट सांगतो. ओपीजी कसाही आला तरी ते बदलत नाही. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असेल, किंवा उभ्या उंचीवरून पडून तुमचं मनगट मोडलं असेल, तर आणखी थांबू नका.

प्रश्न : इम्प्लांटसाठी जबड्याचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, केला. रिपोर्टमध्ये "हाडाची घनता डी-३" आणि हाउन्सफिल्डचा एक आकडा लिहिलाय. हे ऑस्टिओपोरोसिसचं लक्षण आहे का?

उत्तर : डी-१ (सगळ्यात टणक हाड) ते डी-४ (सगळ्यात मऊ) हे वर्ग स्क्रू घट्ट बसेल का, भोक किती मोठं करायचं, किती महिने थांबायचं, हे ठरवण्यासाठी आहेत. ते त्या जागेपुरते असतात. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड निसर्गतःच मऊ असतं. तिथे डी-३ किंवा डी-४ येणं यात वेगळं काही नाही, अगदी निरोगी माणसातही.

हाउन्सफिल्डच्या आकड्याकडे तर या कामासाठी बघूच नका. हा आकडा मोठ्या सीटी स्कॅनचा आहे. तिथे पाणी शून्य आणि हवा उणे १००० धरून मोजपट्टी पक्की केलेली असते. सीबीसीटीचा किरणझोत शंकूसारखा पसरतो, विखुरलेले किरण जास्त येतात, आणि चित्रातली करडी छटा मशीन, डोक्याची जागा आणि शेजारच्या धातूच्या कॅपनुसार बदलते. तीच जागा दुसऱ्या मशीनवर काढली तर आकडा वेगळा येईल. 

सीबीसीटीचा एक उपयोग मात्र खरा आहे. फोरामेनच्या पातळीवर जबड्याचा आडवा काप बघितला तर तळाच्या काठाची जाडी मोठं-लहान होण्याच्या घोळाशिवाय थेट मोजता येते. स्कॅन झालेलाच आहे तर डेंटिस्टना तेवढं मोजायला सांगा. स्कॅनचा पट्टा तळापर्यंत पोहोचला असेल तरच हे जमेल. एका दातापुरत्या छोट्या स्कॅनमध्ये तळ येतच नाही.

प्रश्न : डेक्सासाठी वेगळं जावं लागतं. त्यापेक्षा दरवर्षी ओपीजी काढून काठावर लक्ष ठेवलं तर?

उत्तर : नको. वर्षभरात काठ जेवढा बदलतो त्यापेक्षा मोजण्यातली चूकच मोठी असते. तुम्ही हाडावर नाही, मोजणाऱ्याच्या हातावर लक्ष ठेवून बसाल. औषध लागू पडतंय का, हेही ओपीजीवरून कळत नाही.

किरणांचं म्हणाल तर ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मिळतात आणि डेक्सात सहसा त्याहूनही कमी. सीबीसीटीत काही दहांपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातात. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, त्यामुळे एका ओपीजीची भीती बाळगू नका. पण हाडांसाठी म्हणून मुद्दाम ओपीजी काढायचा नाही, हा नियम साधा आहे. दातांसाठी काढलाच आहे तर काठाकडेही बघायचं, एवढीच या पद्धतीची जागा. कपाटातला तीन-चार वर्षांपूर्वीचा ओपीजीसुद्धा त्यासाठी चालतो.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. दम्यासाठी मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात. त्यांच्या ओपीजीत काठ ३.६ मिलिमीटर आला आणि "ठीक आहे" म्हणाले. पुरुषांनाही हीच मर्यादा लागते का?

उत्तर : ३ मिलिमीटरची मर्यादा मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांच्या मोजमापांवरून आली आहे. पुरुषांचा काठ मुळातच जाड असतो, त्यामुळे ती जशीच्या तशी लावली तर आजारी पुरुष सुटतो. ३.६ वर विसंबू नका.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत ओपीजीचा प्रश्नच गौण आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, ३ महिने किंवा अधिक काळ पोटात जात असेल, तर तेवढ्यावरच हाड मोडण्याचा धोका तपासायला हवा. स्टेरॉइडने पहिल्या काही महिन्यांतच धोका वाढतो, आणि डेक्साचा आकडा तितका वाईट नसतानाही मणके दबतात. "मधूनमधून" म्हणजे वर्षात एकूण किती दिवस आणि किती मिलिग्रॅम, ते जुन्या चिठ्ठ्यांवरून काढून छातीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. पंपातून ओढायचं स्टेरॉइड या हिशेबात धरू नका, त्याचा हाडांवरचा परिणाम बराच कमी असतो. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं थंडावलेलं असतं, त्यामुळे जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : ओपीजी बघून संगणकानेच "हाय रिस्क" असा शेरा दिला. यावर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर : डेंटिस्टने दिलेल्या इशाऱ्यावर ठेवाल तितकाच. असे प्रोग्रॅम हजारो ओपीजींवर शिकवलेले असतात आणि चांगल्या चित्रात ते काठ नीट ओळखतात. पण ज्या मशीनच्या चित्रांवर शिकले, त्यापेक्षा वेगळ्या मशीनचं, वेगळ्या उजेडाचं चित्र आलं की त्यांचा अंदाज घसरू शकतो. कंठाचं हाड काठावर चढलेलं असेल तर त्यांचीही फसगत होऊ शकते.

दोन गोष्टी विचारा. प्रोग्रॅमला "आजारी" कोण हे शिकवताना आधार डेक्साचा घेतला होता, की दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेचा? नजरेवर शिकवलेला प्रोग्रॅम नजरेच्याच चुका गिरवतो. आणि त्याने काठ कुठे पकडला, ती रेषा पडद्यावर दाखवता येते का? रेषा दिसली की डेंटिस्टला ती एका दृष्टिक्षेपात तपासता येते.

प्रश्न : सासूबाईंचा डेक्सा उणे २.७ आला. आठवड्याच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत आणि दोन दातही काढायचे आहेत. आधी काय?

उत्तर : थोडे दिवस थांबणं शक्य असेल तर आधी दात. जे काढायचे ते काढून घ्या, हिरड्यांची स्वच्छता करून घ्या, कवळी कुठे टोचत असेल तर घासून घ्या. जखमेवर हिरडी पूर्ण धरली की, म्हणजे बहुधा दोन-तीन आठवड्यांत, गोळ्या सुरू करता येतात. नुकताच खुबा किंवा मणका मोडलेला असेल तर मात्र औषध लांबवायचं की नाही, हे हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

काळजी कशाची, तर या औषधांवर असलेल्या काही रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहतं आणि आठ आठवड्यांनंतरही भरून येत नाही. कॅन्सरसाठी मोठ्या डोसची इंजेक्शनं घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला ते फार विरळा. या भीतीने गोळ्याच नाकारणं म्हणजे खुबा मोडण्याचा कितीतरी मोठा धोका पत्करणं आहे. आधीच गोळ्या चालू असतील तरी दात काढता येतो. फक्त डेंटिस्टना औषधाचं नाव आणि किती वर्षं चालू आहे ते सांगा.

अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांतलं काही घ्यायचं नाही. यातलं एक जरी चुकलं तर गोळी अंगी लागत नाही किंवा अन्ननलिकेला जखम होते.

गोळीऐवजी डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवलं असेल तर एक गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती म्हणजे पुढची तारीख. दात काढण्यासाठी म्हणून हे इंजेक्शन परस्पर पुढे ढकलायचं नाही. ते चुकलं की हाडाची झीज उसळी घेते आणि एकापाठोपाठ मणके मोडल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. दात काढायचाच असेल तर इंजेक्शननंतरचा तिसरा-चौथा महिना सोयीचा, म्हणजे पुढच्या तारखेआधी जखम भरते.

प्रश्न : डेक्साला जाताना काही तयारी लागते का? ओपीजी सोबत न्यायचा का?

उत्तर : ओपीजी नेला नाही तरी चालेल, डेंटिस्टची चिठ्ठी पुरते. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका, न विरघळलेली गोळी मणक्यावर पांढरी दिसते. नुकतंच बेरियम, सीटीचं कॉन्ट्रास्ट किंवा न्यूक्लिअर स्कॅन झालं असेल तर तारीख घेतानाच सांगा. धातूची बटणं, हुक, कंबरेचा दागिना नको. खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असेल तर दुसऱ्या बाजूचा खुबा मोजायला सांगा.

मणक्यांचा आकडा खुब्यापेक्षा फारच चांगला आला तर लगेच खूश होऊ नका. उतारवयात मणक्यांना फुटलेले हाडाचे कोंब आणि महाधमनीत साचलेलं कॅल्शियम घनतेत धरलं जातं, मग मणका आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. रिपोर्टमध्ये कोणते मणके धरले आणि कोणते वगळले ते लिहिलेलं असतं, ते बघा. आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा करायची वेळ आली तर त्याच मशीनवर करा. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी सरळ ताडता येत नाहीत.